वेंगुर्ल्यातली एक मुलगी, एक सौंदर्य स्पर्धा आणि माझी मापाची वही

जूनचा दुसरा आठवडा, पाऊस धो धो, लाईट गेलेली, आणि माझी मुलगी बाय मोबाईलचा टॉर्च लावून माझ्या शिलाई मशीनसमोर येऊन उभी राहिली. इन्स्टावर मेसेज आलेला, "अभिनंदन, तुमची फायनलिस्ट म्हणून निवड झाली आहे". मुंबईत मोठ्या हॉटेलात तीन दिवसांची ब्युटी कॉन्टेस्ट, ४८ तासांत ४५ हजार भरायचे, त्यात ग्रूमिंग, राहणं, फोटोशूट सगळं. तिने त्यांना फक्त दोन फोटो पाठवले होते, तेही कॉलेजच्या गॅदरिंगचे.

हे सगळं लिहून काढतेय कारण त्या दिवशी मला कोणाला विचारावं तेच कळत नव्हतं. आमच्या ओळखीत कोणाच्या मुलीने असलं काही केलेलं नाही. मी ब्लाऊज-ड्रेस शिवते, वीस वर्षं झाली. आमचे हे नवाबागला होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. सासूबाई घरात. बाय (घरातलं नाव, खरं लिहीत नाही) तेव्हा १९ वर्षांची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. सौंदर्य स्पर्धा म्हणजे मला एवढंच माहीत की १९९४ ला सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स आणि ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली, तेव्हा मी शाळेत होते आणि पेपरातले फोटो कापून वहीत चिकटवलेले.

पहिली रात्र

ह्यांचं म्हणणं एका वाक्यात संपलं, "पैशे भरून निवड? ती कसली निवड?" सासूबाई म्हणाल्या, "चेडवाक (मुलीला) लोकांसमोर उभा करून काय दाखवतलात?" आणि मी, खरं सांगते, मलाही नकोच वाटत होतं. पण बायच्या तोंडाकडे बघितलं आणि नाही म्हणवेना, आणि दुसरं म्हणजे ती १९ ची, कायद्याने सज्ञान, सही तिची तीच करू शकते, मी नाही म्हटलं असतं तर तिने मला न सांगता केलं असतं. (थोडं तसं तिने केलंच होतं, ते पुढे येईल.) म्हणून मी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण नाही, म्हटलं आधी कागद दाखव.

कागद म्हणजे अकरा पानांची इंग्लिश पीडीएफ. दोन रात्री बाय मोठ्याने वाचायची, मराठीत सांगायची, मी काज-बटण करत ऐकायची आणि जिथे अडलं तिथे मापाच्या वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून ठेवायची. ती पानं अजून आहेत. पैसे कोणाच्या खात्यात जाणार, कंपनीच्या की माणसाच्या? जीएसटी नंबर काय? नाही आली तर पैसे परत किती? खोलीत किती मुली, सोबत बाई कोण, रात्री बाहेर जायचं असेल तर कोणाला विचारून? स्विमवेअर राऊंड आहे का, आणि नको म्हटलं तर मार्क जाणार का? फोटो कोणाचे, किती वर्षं वापरणार, कशाच्या जाहिरातीत? जिंकली तर तिच्यावर काय बंधन?

जीएसटी नंबरचं मला आमच्या कापड दुकानदाराने सांगितलं. पंधरा अक्षरं-आकडे असतात, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते, आणि जीएसटीच्या सरकारी साईटवर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे. त्या लोकांनी नंबर दिलाच नाही. बाकीच्या प्रश्नांवर उत्तर आलं की "मॅम, सीट्स भरत आल्यात". फोटोचं कलम असं होतं की कायमचे, कुठेही, कशासाठीही वापरता येतील. आणि "पॉप्युलर चॉइस" नावाचं बक्षीस होतं ज्याची मतं ऑनलाइन पैसे देऊन विकत घ्यायची, म्हणजे ४५ हजारांनंतरही नातेवाईकांकडून पैसे गोळा करत बसायचं.

फोनवरची बाई बायला वर हेही म्हणाली की वय निघून जाईल, नंतर पस्तावशील. तेव्हा ती घाबरली. नंतर आम्ही शोधलं तर मिस युनिव्हर्सने २०२३ पासून लग्न झालेल्या आणि आई झालेल्या बायकांनाही घेतलंय आणि २०२४ पासून वरच्या वयाची अटच काढून टाकलीय. एकोणिसाव्या वर्षी कसलं वय निघून जातंय.

तिसऱ्या दिवशी बायनेच मेसेज केला की येत नाही. मग दोन दिवस जेवली नाही, माझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी रडत सांगितलं की रजिस्ट्रेशनचे १,५०० तिने आधीच भरलेले, बसच्या पासचे आणि वाढदिवसाचे साठवलेले. मी ओरडले नाही. ओरडणार होते, पण तिने सांगितलं तरी, एवढ्यावर थांबले. ते पैसे गेले. नंतर कळलं की अशा बाबतीत ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार करता येते आणि ऑनलाइन सरळ फसवणूक झाली असेल तर १९३० ला लगेच, जितक्या लवकर तितकं बरं. ज्यांच्या घरात असं काही चाललंय त्यांनी हे दोन नंबर लिहून ठेवा.

दुसरी स्पर्धा

ऑगस्टमध्ये तिच्या मैत्रिणीकडून कळलं की डिसेंबरला कुडाळला जिल्ह्यापुरती एक स्पर्धा आहे. प्रवेश फी ५००, पावती मिळते, एक दिवसाचा कार्यक्रम, रात्री राहायचं नाही, तीन राऊंड (ओळख, गाऊन, प्रश्न-उत्तर), मराठीत बोललं तरी चालेल. आयोजकांना मी तेच सगळे प्रश्न विचारले, त्यांनी न कंटाळता उत्तरं दिली, फोटो फक्त त्यांच्या पेजवर टाकू असं लिहून दिलं. माझ्यासाठी तिथेच निम्मं काम झालं.

सासूबाईंना मी रीटा फारियाचं सांगितलं. मूळची गोव्याची, म्हणजे आमच्या शेजारचीच, मुंबईत डॉक्टरकी शिकत होती, १९६६ ला मिस वर्ल्ड झाली, आशियातली पहिली, आणि वर्षभराने परत शिक्षणाला जाऊन डॉक्टर झाली. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर झाली मां? मग हरकत नाय." त्यांना बायचं शिक्षण सुटेल हीच भीती होती हे मला तेव्हा कळलं, मी उगाच समजत होते की त्यांना कपड्यांचा प्रॉब्लेम आहे.

ह्यांच्याशी बोलून पैशाचा आकडा आधीच ठरवला, १२ हजार, वर एक रुपया नाही. शेवटी झाले १०,४५०: फी ५००, सँडल १,४५०, गाऊनचं कापड-अस्तर-चेन ३,१००, मेकअप आणि केस ३,०००, जाणं-येणं ९००, फोटो १,५००. शिलाई माझी, ती धरलेली नाही. आकडा आधी ठरला म्हणून भांडणं कमी झाली, बायला पण माहीत होतं की महागडी मेकअपवाली घेतली तर सँडल साधे घ्यावे लागतील.

सँडल, आणि माझी चूक

कोणी सांगत नाही म्हणून सांगते, हील्सची सवय ही आठवड्याची गोष्ट नाही. बायने कधी चपलेशिवाय दुसरं काही घातलेलं नाही. पहिल्या दिवशी सरळ साडेचार इंच चढवले आणि ओटीवर घोटा मुरगळला, आठ दिवस गेले. मग दोन इंचांचे जाड टाचेचे मैत्रिणीकडून आणले, रोज वीस मिनिटं, आधी-नंतर पोटऱ्या ताणायच्या, महिन्याने साडेतीन, मग साडेचार. पावसाळाभर ओटीवरच, कारण अंगण शेवाळाने गुळगुळीत. शेजारच्या बायका येऊन बसायच्या.

आता गाऊन. मला वाटलं इथे तर मी राणी आहे. सुश्मिता सेनचा १९९४ च्या मिस इंडियाचा गाऊन पण दिल्लीच्या सरोजिनी नगरमधून पडद्याचं कापड आणून घराजवळच्या टेलरकडून शिवून घेतलेला, हातमोजे नव्या सॉक्सचे केलेले, हे तिने स्वतःच सांगितलंय, मग मी तर वीस वर्षांची कारागीर. गडद हिरवं सॅटिन आणलं, प्रिन्सेस कट, खाली आठ कळ्या, आत कॅनकॅन (घेर फुलवणारी कडक जाळी), पाठीला कन्सील चेन. फिटिंग असं बसलं की मीच बघत राहिले. पण माप घेतलं तेव्हा बाय दोन इंचाच्या सँडलवर होती. नोव्हेंबरमध्ये साडेचार इंच घालून उभी राहिली आणि गाऊन घोट्याच्या वर, पुढून जास्तच, कारण हील्सवर अंगाचा तोल बदलतो, कंबर पुढे येते, पुढची उंची आणि मागची उंची सारखी राहत नाही. ब्लाऊजवाल्या बाईला हे कुठून माहीत असणार. सगळी तळपट्टी उसवली, त्याच रंगाचं कापड मिळेना, शेवटी माझ्या जुन्या साडीचा सोनेरी काठ खाली जोडला, पुढे साडेतीन इंच, मागे अडीच. बरेच जण म्हणाले काठच छान दिसतो. मला अजून तो जोड दिसतो.

ज्याच्यावर खरं लक्ष हवं होतं

मी कपड्यात गुंतले होते आणि तिकडे बायचं दुसरंच चाललेलं. सप्टेंबरपासून तिने भात सोडला, मग भाकरी, मग डब्यात फक्त काकडी. विचारलं की म्हणायची कॉलेजात खाल्लं. मासे आवडीने खाणारी मुलगी, बांगड्याच्या तिकल्याला हात लावेना. ऑक्टोबरमध्ये प्रॅक्टिकलला चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.८. बायकांना १२ तरी हवं. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, चहाबरोबर घ्यायच्या नाहीत म्हणाले, चहाने लोह अंगाला लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

त्याच आठवड्यात मला तिच्या कपाटात एक क्रीम सापडलं, आमच्या एका नातेवाईक बाईने दिलेलं, "आठ दिवसात उजळ होशील". डॉक्टरांना दाखवलं तर त्यात स्टेरॉइड निघालं. गोरं दिसायला म्हणून सर्रास वापरतात, सुरुवातीला तोंड चकचकीत दिसतं, मग कातडी पातळ होते, पुरळ येतं, लाल होतं, आणि बंद केलं की आणखी बिघडतं. २०१८ पासून अशी स्टेरॉइडची क्रीमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही, तरी मिळतात. फेअर अँड लव्हलीने २०२० ला नावातून फेअर काढून ग्लो केलं, पण आमच्याकडे लग्नाच्या बोलण्यात रंग अजून पहिला विचारतात, मग मुलगी तरी काय करणार. बाय सावळी आहे, माझ्यावर गेलीय. त्या बाईला मी फोन करून सांगितलं की परत असलं काही द्यायचं नाही. नातं थोडं तुटलं, तुटू दे.

बायला मी एकच अट घातली: जेवण सोडलंस तर मी मशीनवर बसणार नाही, गाऊन राहील अर्धा, स्पर्धा पण राहील. धमकी होती ती, मला आवडली नाही, पण मला दुसरं सुचलं नाही आणि आजही सुचत नाही. पुन्हा पेज, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, बांगडा सुरू झाला. कंबर एक इंच वाढली, मी गाऊनला शिवणीत दाब जास्त सोडलेला असतो, तो उघडला. तिला सांगितलं नाही.

मार्क

नोव्हेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी ती ओटीवर चालत होती, मी नेहमीसारखं, खांदे मागे, मान वर, हसू जास्त झालं, हात कसे लटकतायत बघ. ती मधेच थांबली, सँडल काढले आणि म्हणाली, "आये, तू माका सारखे मार्क घालतस. थंय परीक्षक आसत ना, घरात तरी नको."

मी रात्रभर जागी. मला वाटत होतं मी मदत करतेय. तीन महिने ही मुलगी रोज घरातच एका परीक्षकासमोर चालत होती आणि त्या परीक्षकाला आपण परीक्षक आहोत हे माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी फक्त मोबाईल धरून व्हिडिओ काढायचे आणि तिच्या हातात द्यायचे. ती स्वतः बघायची, काय सुधारायचं ते स्वतः ठरवायची. माझ्याकडे एकच काम, मागच्या भिंतीपर्यंत आवाज येतो की नाही ते सांगणं. चार दिवसांत तिची चाल सुटी झाली. मी गप्प राहिल्यामुळे की सवयीने, ते मला सांगता येणार नाही, पण ती संध्याकाळची स्वतःहून हाक मारायला लागली, "आये, येतंस?"

प्रश्न-उत्तराचं पण तसंच. तिने युट्यूबवरून इंग्लिश उत्तरं पाठ केलेली, सगळ्यात जग, शांती आणि आत्मविश्वास. मी शिवताना तिला साधंच विचारायचे, आज बाजारात काय बघितलंस, मावशीकडे काय झालं. माझी बहीण काजूच्या फॅक्टरीत जाते. काजूच्या टरफलातलं तेल कातडीला लागलं की भाजतं, बोटं काळी पडतात, साल निघते. हातमोजे घातले की हात हळू चालतो आणि मजुरी किलोवर, म्हणून बायका मोजे घालत नाहीत, हातांना दुसरं तेल नाहीतर राख लावून बसतात. गर अख्खा निघाला तर भाव, तुटला तर कमी. आपण दुकानात डब्ल्यू ३२० मागतो ना, म्हणजे साधारण ३२० अख्खे गर एका पाउंडात, ते मोजण्याएवढे अख्खे ठेवणारी ती बोटं. बाय हे लहानपणापासून बघतेय आणि तिला हे स्टेजवर बोलण्यासारखं वाटतच नव्हतं.

तिने मला विचारलं की परीक्षकांना आवडेल ते बोलू की खरं बोलू. मला मधू सप्रे आठवली, आपली मराठी मुलगी, खेळाडू, १९९२ च्या मिस युनिव्हर्सला विचारलं की देशाची नेता झालीस तर पहिलं काय करशील, ती म्हणाली मोठं क्रीडासंकुल बांधेन. सेकंड रनर-अप झाली, आणि लोक अजून म्हणतात त्या उत्तराने तिचा मुकुट गेला. मी बायला हे जसंच्या तसं सांगितलं आणि म्हटलं तूच ठरव. मला खरंच माहीत नव्हतं.

कुडाळ

चौदा मुली. ग्रीन रूममध्ये आई-वडिलांना सोडत नव्हते, ते मला पटलं, पण मी आयोजक बाईंना एकच विचारलं की कपडे बदलायच्या खोलीत मोबाईल किती आहेत. त्यांनी लगेच सगळे मोबाईल एका टोपलीत काढून दारावर एक ताई बसवली. दुसऱ्या आयांनी येऊन माझे आभार मानले, म्हणजे मनात सगळ्यांच्याच होतं. माझ्या पिशवीत सुई-दोरा, सेफ्टी पिना, दोन्हीकडून चिकटणारी टेप, शेंगदाण्याची चिक्की, पाणी आणि तिच्या साध्या चपला. चपला सगळ्यात उपयोगी पडल्या, चार तासांत रॅम्पवर चालणं पाच-सहा मिनिटं, बाकी नुसतं उभं राहणं.

तिला प्रश्न आला, गावातली कुठली एक गोष्ट बदलशील. तिने मराठीत सांगितलं की काजूच्या फॅक्टरीत बायकांना मोजे द्यायचे आणि मोजे घातल्याने मजुरी कमी होणार नाही असा दर ठरवायचा, नाहीतर मोजे खुंटीलाच राहतात. आवाज थरथरत होता. मी मागच्या भिंतीला उभी होते, सगळं ऐकू आलं.

पहिल्या पाचात आली, पहिल्या तिनात नाही. वाटेतल्या मठ गावापर्यंत रिक्षात कोणीच काही बोललं नाही. मी ठरवलेलं की आधी मी बोलणार नाही. मठ गेल्यावर ती म्हणाली, भूक लागली. ह्यांनी घरी सुरमई आणून ठेवलेली, ते स्वतः आले नव्हते, काम होतं म्हणाले.

त्यानंतर

आठवडाभर ती पडलेलीच होती, जिंकलेल्या मुलीचे फोटो बघत. मग कळलं की तिला जास्त लागलंय ते वेगळंच. फेमिना मिस इंडियाला कमीत कमी उंचीची अट असते, हील्स काढून मोजतात, आणि बाय पाच फूट दोन, त्यात बसत नाही. हे तिला ऑगस्टपासून माहीत होतं, मला सांगितलं नव्हतं. यावर मी काही करू शकत नाही. कापड असतं तर काठ जोडला असता. मी तिच्याजवळ बसून राहिले, एवढंच.

फेब्रुवारीत परत रक्त तपासलं, ११.४. गोळ्या चालू आहेत. मावशीने व्हिडिओ बघितला, तिच्या फॅक्टरीतल्या बायकांनी पण बघितला. मोजे काही आलेले नाहीत.

आता उंचीची अट नसलेल्या एका राज्य पातळीच्या स्पर्धेचा फॉर्म तिने आणलाय. यावेळी प्रश्न तिने स्वतः लिहिले, माझ्याच वहीत, कोणाच्या तरी बाहीच्या मापाखाली. आयोजकांना मेल केला, फी आणि फोटोचं उत्तर आलं, खोलीत किती मुली आणि सोबत कोण याचं अजून आलेलं नाही. तोपर्यंत पैसे भरायचे नाहीत असं तिनेच सांगितलं.